टाचदुखी आणि स्वयंपाकघरातली चप्पल

सकाळी उठून पलंगावरून पहिला पाय खाली टेकला की टाचेत खालून कुणीतरी दाभण घुसवल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून दहा-बारा पावलं कशीबशी टाकली की जरा कमी होते, मग कामाच्या नादात विसरायला होतं, आणि दुपारी घटकाभर बसून परत उठलं की पुन्हा तीच कळ. ज्याला हे होतंय त्याला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. ज्याला नाही त्याला कितीही सांगा, कळत नाही, हे मी चौदा महिने बघितलंय. म्हणून सगळं लिहून काढतेय, काय काय केलं, कुठं चुकलं आणि शेवटी कशानं बरं वाटलं.

मी सांगलीत खणभागात राहते. घरातूनच भाकरी-चपात्या करून देते, बारा वर्षं झाली. रोजच्या दीडशे भाकऱ्या, शंभर-सव्वाशे चपात्या, लग्नसराईत त्याच्या दुप्पट. मदतीला दोघीजणी येतात पण भाकरी थापायचं काम माझंच, शाळूच्या भाकरीला हात बसलेला लागतो. पहाटे साडेचारला तवा चढतो तो साडेदहाला उतरतो, संध्याकाळी परत पाच ते आठ. हे सगळं ओट्यापाशी उभं राहून, फरशीवर, अनवाणी. अनवाणी हे मुद्दाम लिहितेय, पुढं त्याचंच सगळं येणार आहे.

आमच्याकडं दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला चालत जायची पद्धत आहे. अंकली, जयसिंगपूर, शिरोळ करत वीस-बावीस किलोमीटर होतं. लग्न होऊन आल्यापासून मी जातेय, पायात काही न घालता. २०२२ ला ७ डिसेंबरला दत्तजयंती होती, आदल्या रात्री निघालो, पहाटे पोचलो, नदीवर पाय धुतले, दर्शन घेतलं आणि एसटीनं परत येऊन संध्याकाळी मी तव्यापुढं उभी राहिले कारण लोकांचे डबे बंद ठेवता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर उजवी टाच टेकवेना.

पहिल्यांदा वाटलं काटा मोडलाय. आमच्या ह्यांनी बॅटरी लावून, सुई घेऊन अर्धा तास बघितलं, काही नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "काटा आत गेलाय, बिब्बा घातल्याशिवाय वर यायचा नाही." सुईत बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल टाचेवर सोडलं. काटा नव्हताच तर वर काय येणार, पण बिब्बा मात्र उतला, घोट्यापर्यंत फोड आणि खाज, दहा दिवस झोप नाही. आत्यांना फार वाईट वाटलं, त्यांनी चांगल्यासाठीच केलं होतं, त्यांच्या आईनं त्यांना तसंच केलेलं. पण कुणी बिब्बा सांगितला तर लावू नका एवढं नक्की सांगेन.

मग विटेचा शेक. वीट तापवायची, वर रुईची पानं ठेवायची आणि त्यावर टाच. हे आमच्या भागात घरोघरी करतात आणि खरं सांगायचं तर शेकताना फार बरं वाटतं, तासभर टाच हलकी होते, पण सकाळी कळ तिथंच. यात एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे, ज्यांना शुगर आहे त्यांनी हे अजिबात करू नये. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या तळपायाची संवेदना शुगरमुळं गेली होती, वीट किती तापलीय हे त्यांना कळलंच नाही, कातडी भाजून जखम झाली आणि ती भरायला चार महिने गेले. आणि रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या वैद्यांकडं नेलं तेव्हा ते म्हणाले आयुर्वेदात याला वातकंटक म्हणतात. कंटक म्हणजे काटा. ते ऐकून मला उगीचच बरं वाटलं, म्हणजे काटा टोचतोय असं वाटणं हा माझ्या मनाचा खेळ नव्हता, फार पूर्वीपासून लोकांना असंच वाटत आलंय.

तीन महिने मी मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. कुणाला विचारलं नाही. सकाळी एक गोळी घेतली की अकरापर्यंत उभं राहता यायचं, मग संध्याकाळी दुसरी. त्यानं पोटात जळजळ सुरू झाली, मग जळजळीची गोळी. मार्चमध्ये एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं टाचेचं हाड वाढलंय. बस्, हे वाक्य घरात आल्यापासून मला भेटणारा प्रत्येकजण तेच बोलायला लागला, हाड वाढलंय, आता ऑपरेशनशिवाय पर्याय नाही, अमक्याच्या बहिणीचं घासून काढलं. एक्स-रेत टाचेच्या खाली पुढच्या बाजूला चोचीसारखं टोक दिसत होतं, मी रात्री तो एक्स-रे खिडकीशी धरून बघत बसायचे की हेच ते रोज घुसतंय. रक्तही तपासलं, शुगर, थायरॉइड, युरिक ॲसिड सगळं नीट, व्हिटॅमिन डी फक्त ११. आठवड्याला एक साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची पावडर दुधातून, असं आठ आठवडे घेतलं. अंगदुखी जरा कमी झाली, टाच नाही.

मग इंजेक्शन. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. देताना जे दुखलं ते लिहिता येत नाही, पण चौथ्या दिवसापासून टाच अशी गप्प झाली की मी रडलेच आनंदानं. मला कुणी सांगितलं नाही की आता जपून राहा, कामाचा भार हळूहळू वाढव, आणि मीही विचारलं नाही. एप्रिल-मे लग्नाचे दिवस, मी सगळ्या ऑर्डरी घेतल्या, एका दिवसात चारशे भाकऱ्या केल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुखणं परत आलं आणि आधीपेक्षा जोरात आलं, आता डाव्या टाचेतही. इंजेक्शन दिलेल्या डॉक्टरांकडं परत गेले तर म्हणाले दुसरं इंजेक्शन देऊ.

त्या दिवसांबद्दल थोडं लिहिते कारण हे कुणी बोलत नाही. पहाटे चारला मी पलंगावरून उतरून बाथरूमपर्यंत गुडघ्यांवर रांगत जायचे. कुणी बघू नये म्हणून लाईट लावायचे नाही. आरतीला उभं राहता येत नव्हतं, गणपतीच्या देवळात रांग दिसली की बाहेरूनच हात जोडायचे. टाच दुखते म्हणून कोण एवढं करतं, असं मला तोंडावर म्हणणारी माणसं होती, घरातली पण होती. पाय बाहेरून तर धडधाकट, सूज नाही, जखम नाही, प्लास्टर नाही. दिसत नाही त्या दुखण्याला कुणी विचारत नाही. कुणी खुर्ची पुढं केली तरी डोळ्यात पाणी यायचं.

सांगलीतलं माणूस दुखणं हटेना झालं की मिरजेला जातं, मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ ला तिथं दवाखाना काढला तेव्हापासूनची ती वाट आहे. माझ्या धाकट्या जावेनं एका हाडाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, जुलैत गेलो. या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला. पायाची बोटं एका हातानं वर ओढली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टाचेच्या आतल्या बाजूला, जिथं कमान सुरू होते तिथं दाबलं. मी किंचाळलेच. म्हणाले, "ताई, इथंच ना?" सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं होतं.

त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखालून एक चिवट जाड पट्टा जातो, त्याला प्लांटर फेशिया म्हणतात, धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान धरून ठेवतो. तासन्‌तास कडक जमिनीवर उभं राहून, वजनानं, पोटऱ्या आखडल्यानं तो जिथं हाडाला चिकटतो तिथं झिजतो. रात्री झोपेत पाय खाली पडलेला असतो तेव्हा तो आखडून बसतो आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की एकदम ताणला जातो, म्हणून पहिली कळ सगळ्यात वाईट. आणि हाड वाढलेलं ते टोक? ते म्हणाले टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते सापडतं, ते काढायच्या मागं लागू नका. दुसरं इंजेक्शन त्यांनी नको म्हटलं, त्यानं पट्टा तुटायची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायची भीती असते. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं पण वर्ष लागू शकतं, घाई करू नका, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी हेही विचारलं की सकाळी कंबर आखडते का, पायाला मुंग्या येतात का, रात्री झोपेतून दुखून जाग येते का. दोन्ही टाचा दुखत असतील तर कधीकधी ते संधिवाताचं वेगळं दुखणं असतं आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी. माझं तसं नव्हतं, पण तुमचं असेल तर नुसती टाच शेकत बसू नका.

मग विचारलं, "घरात पायात काय घालता?"

मी म्हटलं, "काही नाही. घरात कोण घालतं?"

"स्वयंपाकघरात नऊ-साडेनऊ तास अनवाणी उभ्या राहता?"

मी गप्प. ते म्हणाले, एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची चप्पल घ्या, घरातल्या घरात वापरायची, पलंगाजवळच ठेवायची, पहिलं पाऊल फरशीवर नाही चपलेत पडलं पाहिजे. आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

फिजिओ मुलगी माझ्या पोरीच्या वयाची, मला काकू म्हणायची. तिनं आधी पलंगावरून उतरायच्या आधीचा व्यायाम शिकवला, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडं ओढायची, तळपायात तो पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे, दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुपारी बसून उठताना पण आधी हेच. मग भिंतीला हात लावून पोटरीचा ताण, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळपायाखाली फिरवायची, हे संध्याकाळी तवा उतरल्यावर, त्यानं मला खूप आराम पडायचा.

महिन्यानं तिनं मुख्य व्यायाम दिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांच्या खाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि सावकाश टाचा उचलायच्या. तीन आकडे वर जायला, दोन आकडे थांबायचं, तीन आकडे खाली यायला. बारा वेळा, मग जरा दम खाऊन परत. एक दिवस करायचा, एक दिवस सोडायचा. सोपं झालं की पाठीला दप्तर लावून त्यात वजन भरायचं, मी ज्वारीच्या पिशव्या भरायचे, आधी दोन किलो मग पाच. मला भीती वाटायची, दुखऱ्या पायावर आणखी भार? ती म्हणाली, "काकू, झिजलेला पट्टा आराम करून घट्ट होत नाही, हळूहळू वजन उचलायला लावलं की होतो. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळचं दुखणं वाढलं तर तेवढं वजन कमी करायचं." हे मला नंतर पटलं, पण पहिले तीन आठवडे काही फरक नव्हता, उलट पोटऱ्या भरून यायच्या.

फरक नव्हता त्याला कारण होतं. व्यायाम मी करत होते, चप्पल घालत नव्हते. आमचं देवघर स्वयंपाकघरातच, ओट्याच्या शेजारच्या कोनाड्यात. चूल, तवा, पीठ म्हणजे अन्नपूर्णा, तिथं चप्पल घालून उभं राहायचं हे मलाच पटत नव्हतं, उगाच सगळं आत्यांच्या नावावर ढकलणार नाही. ह्यांनी गणपती पेठेतून नवी एमसीआरची जोडी आणली होती, मऊ, आतून जाड, ती पिशवीतच पडून. फिजिओ मुलीनं विचारलं की चप्पल वापरता ना, मी हो म्हणून खोटं बोलले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "काकू, अर्धा तास व्यायाम आणि नऊ तास फरशी, कोण जिंकणार?"

त्या दिवशी संध्याकाळी मी चप्पल धुऊन, पुसून, घालून ओट्यापाशी उभी राहिले. आत्या दारात आल्या, पायाकडं बघितलं आणि काही न बोलता गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जेवायला बसल्या की ताट पुढं ओढून घ्यायच्या, वाढू द्यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी रांगत बाथरूमकडं निघालेले आणि आत्या जपाला उठलेल्या, त्यांनी लाईट लावला. मी तशीच चार पायांवर. सात-आठ महिने मी हे त्यांच्यापासून लपवलं होतं. त्यांनी मला काखेत हात घालून उठवलं, ७४ वर्षांच्या बाईनं.

सकाळी भाकऱ्यांच्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं, बघते तर आत्या एकेक देव हातात घेऊन बाहेरच्या खोलीत नेत होत्या. बाळकृष्ण, टाक, अन्नपूर्णा, शेवटी समई. मी म्हटलं, "आत्या, हे काय करताय?" तर म्हणाल्या, "तिथं उजेड चांगला येतो." एवढंच. त्यावर आजपर्यंत आम्ही दोघी काही बोललेलो नाही.

त्याच आत्यांनी नंतर एक गोष्ट सांगितली जी डॉक्टरांनी पण सांगितली नव्हती. "आम्ही चुलीपुढं बसून करत होतो की गं. दहा जणांच्या भाकऱ्या, पण बसून." मी विचार करत राहिले. ओटा आला तेव्हा सोय झाली असं सगळ्या म्हणाल्या, धूर गेला, वाकणं गेलं, पण बाई उभी राहिली ती उभीच राहिली, तीही कडक टाईल्सवर. आता मी थापायला खाली चौरंगावर बसते, परात पुढ्यात, आणि भाजायला मदतनीस ओट्यापाशी. ती पण चप्पल घालून आणि तिच्या पायाखाली जाड रबरी चटई. वेग कमी झाला, दीडशेच्या सव्वाशे भाकऱ्या झाल्या. दोन गिऱ्हाइकं सोडावी लागली. माझं वजन ७८ होतं, ते ७२ वर आणायला आठ महिने लागले.

सप्टेंबर अखेरीपासून फरक कळायला लागला, पण सरळ रेषेत नाही. चार दिवस चांगले, दोन वाईट. डिसेंबरात तुळशीच्या लग्नानंतरच्या ऑर्डरींत मोह आवरला नाही, दोन दिवस जास्त उभी राहिले आणि पुन्हा पंधरा दिवस मागं गेले. तेव्हा फार खचले. फिजिओ मुलीनं एक वही करायला लावली होती, रोज सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती दुखलं ते लिहायचं, ती वही तिनं माझ्यासमोर उघडली. जुलैत आठ-नऊ, ऑक्टोबरात पाच, त्या वाईट पंधरवड्यातही सहाच्या वर गेलं नव्हतं. रोजचं रोज बघताना कळत नाही हो, लिहून ठेवलं की कळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सकाळी मी बाथरूममधून परत आले आणि मग लक्षात आलं की आज टाच आठवलीच नाही.

आजही व्यायाम चालू आहे, आठवड्यातून दोनदा पायरीवरचा, आणि सकाळचा ताण रोज. पलंगाजवळ चप्पल. जुनी झिजून सपाट झालेली स्लिपर मी टाकून दिली, तळ दबला की एमसीआर पण बदलते. ओळखीतल्या बायका, डबे करणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या, दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या, सगळ्या टाच दाखवतात आणि सगळ्या हेच म्हणतात, घरात चप्पल घालायची? सासूबाई काय म्हणतील? मी त्यांना नवी, बाहेर न गेलेली जोडी घ्यायला सांगते आणि देवघर कुठं आहे ते विचारते.

वाडीला यंदा एसटीनं गेले. चालत मात्र गेल्या श्रावणात एका सोमवारी हरिपूरला गेले, संगमेश्वराला, आत्यांचा नवस होता माझ्या पायासाठी तो फेडायला. घरापासून चारेक किलोमीटर, चिंचांच्या झाडांखालून, पायात बूट घालून, मध्ये दोनदा कट्ट्यावर बसून बोटं ओढून घेतली. देवळाच्या पायऱ्यांशी बूट काढले. दगड पावसानं गार होता. उजव्या टाचेत बारीकसं काहीतरी झालं, मी थांबले, पाय पुढं टाकला, झालं नाही. दर्शन घेऊन संगमावर कृष्णा-वारणेचं पाणी बघत बसलो, मग बूट घातले आणि परत येताना रिक्षा केली.